धावपट्टी परत देताना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी वाहिली. म्हणून आज मी माझ्या धंद्यातलाच, पण बहुतेकांच्या नजरेआड राहणारा विषय घेतला आहे. विमानतळ चालू असताना त्याच्याच अंगावर चाललेलं बांधकाम, आणि ते जिवावर न बेतता कसं पार पाडायचं, याबद्दल मी बोलणार आहे.

2019च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईहून ज्यांनी विमानप्रवास केला असेल त्यांना आठवेल. 7 फेब्रुवारी ते 30 मार्च या काळात दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या बंद होत्या. 21 मार्चचा, धुळवडीचा गुरुवार तेवढा सोडला होता. असे एकूण 22 दिवस. जेमतेम दोन महिने आधी, डिसेंबर 2018 मध्ये, याच विमानतळाने 24 तासांत 1,007 विमानांची ये-जा हाताळली होती. एवढ्या गजबजलेल्या जागी भर दिवसा सहा-सहा तास कुलूप लावायचं म्हणजे तिकिटांचे दर चढणार, विमानं रद्द होणार, लोक बोल लावणार. लावलेही.

कारण साधं होतं. मुंबईला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. मुख्य 09-27 आणि दुसरी 14-32. दुरुस्ती करायची होती ती नेमकी छेदाच्या जागेची. तिथे रोलर उभा केला की दोन्ही धावपट्ट्या गेल्या. रात्री करायचं म्हटलं तर मुंबईत रात्र मोकळी नसतेच. परदेशची बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतरच उतरतात आणि उडतात. त्यातल्या त्यात दुपार बरी, म्हणून दुपार निवडली.

मला या निर्णयाबद्दल मनापासून आदर आहे, आणि त्याचं कारण सांगण्यातच माझं आजचं बरंचसं म्हणणं येऊन जातं.

मुंबईकराला रविवारचा मेगाब्लॉक समजावून सांगावा लागत नाही. रेल्वेत रुळावर काम करायचं असलं की वाहतूक खातं तो रुळाचा तुकडा ठरावीक वेळेपुरता अभियांत्रिकी खात्याच्या ताब्यात देतं. तेवढ्या वेळात त्यावर गाडी येत नाही. काम झालं, माणसं आणि सामान बाजूला झालं, की जबाबदार माणूस लेखी कळवतो आणि रूळ पुन्हा वाहतुकीकडे जातो. एका वेळी एका तुकड्याला एकच मालक. विमानतळावरच्या बांधकामाचंही सगळं सार या ताब्यात आहे. कोणता तुकडा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणाच्या हातात, हे चोख ठरलेलं असेल तर खोदकाम, डांबर, क्रेन, वेल्डिंग ही सगळी आपल्या ओळखीची कामं आहेत. त्यांचे धोके आपल्याला ठाऊक आहेत. ओळखीबाहेरचा धोका उभा राहतो तो एकाच जागेला दोन मालक झाले की, किंवा जागा ‘बंद आहे, पण थोडी वापरात आहे’ अशी अर्धवट ठेवली की.

तैपेईला काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो. 31 ऑक्टोबर 2000, रात्रीचे सव्वाअकरा. चांग काई-शेक विमानतळावर टायफूनचा पाऊस कोसळत होता. सिंगापूर एअरलाइन्सचं 747 विमान 179 जणांना घेऊन लॉस एंजेलिसला निघालेलं. त्याला उड्डाणासाठी दिलेली धावपट्टी 05 लेफ्ट. तिला समांतर अशी 05 राइट दुरुस्तीसाठी बंद होती. मध्यावर खणलेलं होतं, काँक्रीटचे अडथळे होते, खोदाईची यंत्रं उभी होती. ही धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांच्या हाती होती. त्यांना ती माहीतही होती. पण 05 राइटचा अलीकडचा भाग विमानं नेण्या-आणण्यासाठी वापरात ठेवलेला होता, म्हणून तिच्या तोंडाशी आडवं काही घातलेलं नव्हतं. टॅक्सी-वेवरचे हिरवे दिवे वळून त्याच धावपट्टीकडे जात होते. पुढे 05 लेफ्टकडे नेणाऱ्या दिव्यांपैकी काही धड लागत नव्हते. विमान हिरव्या दिव्यांमागून वळलं, बंद धावपट्टीवर उभं राहिलं, वेग घेतला, आणि थेट बांधकामात घुसलं. 83 माणसं गेली.

वैमानिक चुकले की विमानतळ चुकला, यावर तैवान आणि सिंगापूर या दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं. आपण बांधकामवाले. आपल्यापुरता प्रश्न एवढाच, की त्या रात्री ती धावपट्टी कोणाच्या ताब्यात होती? मधला भाग ठेकेदाराच्या आणि तोंडाकडचा विमानांच्या. दोन ताब्यांमधली हद्द कागदावर होती. पावसात, अंधारात, समोरच्या काचेतून बघणाऱ्या माणसाला दिसेल अशी जमिनीवर ती नव्हती.

याच तारखेला, 21 वर्षं आधी, म्हणजे 31 ऑक्टोबर 1979 रोजी, मेक्सिको सिटीत असंच घडलं होतं. डांबरीकरणासाठी 23 लेफ्ट बंद होती. विमानांनी 23 राइटवर उतरायचं होतं. पण खाली येण्यासाठी रेडिओचा आधार बंद असलेल्या 23 लेफ्टचाच घ्यायचा आणि शेवटी बाजूला सरकून 23 राइट गाठायची, अशी पद्धत होती. पहाटे धुकं आलं. लॉस एंजेलिसहून आलेलं वेस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-10 सरकलंच नाही. ते बंद धावपट्टीवर टेकलं आणि कामावरच्या ट्रकला धडकलं. विमानातले 72 आणि जमिनीवरचा एक जण मेला. इथेही धावपट्टी बंद होती, पण तिच्याकडे नेणारी वाट उघडी होती.

म्हणून मुंबईच्या त्या 22 दुपारी मला मोलाच्या वाटतात. छेदाच्या जागेपासून इतकी मीटर सोडून छोटी विमानं चालवू, असा हिशेब कोणीतरी नक्की मांडू शकला असता. धंद्याचा दबाव नेहमी त्याच दिशेने असतो. पुण्याचा निर्णयही याच पठडीतला. लोहगावला धावपट्टी एकच, ती हवाई दलाची. तिच्या नव्या थरासाठी 26 ऑक्टोबर 2020 पासून रात्री 8 ते सकाळी 8 उड्डाणं बंद ठेवली, आणि वर्षभरानंतर 16 ते 29 ऑक्टोबर 2021 असे 14 दिवस विमानतळ संपूर्ण बंद केला. पुणेकरांना मुंबई गाठावी लागली. त्रास झाला. पण ते 14 दिवस काम करणाऱ्यांच्या डोक्यावर, आता कुठलं विमान तर येत नाही ना, अशी टांगती तलवार नव्हती.

मात्र पूर्ण बंद ठेवणं दर वेळी परवडत नाही, हेही खरं. नोव्हेंबर 2019 ते मार्च 2020 या काळात मुंबईच्या मुख्य धावपट्टीचं डांबरीकरण झालं, तेव्हा ती रविवार सोडून रोज सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच बंद असे आणि संध्याकाळी परत द्यावी लागे. म्हणजे सकाळी ताबा घ्यायचा आणि संध्याकाळी सोडायचा, आणि हे महिनोन्‌महिने. माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म परत देण्याच्या त्या शेवटच्या तासात आहे, म्हणून तो तास जरा जवळून पाहू.

धावपट्टीवर डांबराचा नवा थर चढवत चढवत आपण आजच्या मुक्कामाला आलो. नवा थर संपतो तिथे जुन्या पृष्ठभागापेक्षा पायरी उंच होते. रस्त्यावर अशी पायरी राहिली तर मोटार दचकते. ताशी अडीचशे किलोमीटरने धावणाऱ्या विमानाच्या चाकाला ती पायरी चालत नाही. म्हणून दर दिवशी काम थांबवताना टोकाला तात्पुरता उतार करावा लागतो. त्याचं माप आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेलं आहे. थर 5 सेंटीमीटरपर्यंत असेल तर उतार अर्धा ते एक टक्का, त्याहून जाड असेल तर जास्तीत जास्त अर्धा टक्का. म्हणजे पाच सेंटीमीटरच्या पायरीसाठी पाच ते दहा मीटर लांबीचा उतार, आणि तोही धावपट्टीच्या सगळ्या रुंदीवर. काम कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे न्यायचं तेही ठरलेलं असतं. बहुतेक विमानांना हा उतार चढावा न लागता उतरायला मिळावा, असं बघायचं. दुसऱ्या दिवशी आलं की पहिलं काम काय, तर काल मेहनतीने केलेला तो उतार उकरून काढणं. नव्या मुकादमाला हे जिवावर येतं. केलेलं काम रोज मोडायचं, हे त्याच्या हाताला पटत नाही. पण त्या पट्ट्यावर टेकणाऱ्या मोठ्या विमानाच्या टायरमध्ये आपल्या मोटारीच्या सहा-सात पट दाब असतो, हे एकदा समजावलं की तो स्वतः दोरी आणि पट्टी घेऊन उतार तपासायला बसतो.

मग थर पुरेसा थंड झालाय का ते बघायचं. गरम डांबरावर जड चाक टेकलं तर चर पडतो. म्हणून शेवटची गाडी किती वाजता ओतायची याला बंधन असतं. त्यानंतर मधली पांढरी रेघ मारायची. ही न मारता धावपट्टी परत देता येत नाही. धावपट्टीच्या कडेचे आणि मधले दिवे लावून बघायचे. आणि मग झाडलोट. यांत्रिक झाडू फिरतो, पण खरा भरवसा माणसांवर असतो. वीस-पंचवीस जण एका ओळीत, हाताच्या अंतरावर उभे राहून चालत जातात. नजर खाली. कोणाला खिळा सापडतो, कोणाला तारेचा तुकडा, कोणाला सिमेंटच्या पिशवीचा धागा, रोलरचा एखादा सुटलेला नट. ते सगळं बादलीत जातं. हे काम कंटाळवाणं आहे आणि थकलेल्या अंगाने करायचं असतं. पण 25 जुलै 2000 रोजी पॅरिसजवळ कॉन्कर्ड कोसळलं आणि 113 माणसं मेली, ते धावपट्टीवर पडलेल्या सुमारे 43 सेंटीमीटर लांबीच्या धातूच्या एका पट्टीमुळे. ती पट्टी बांधकामाची नव्हती, आधीच्या एका विमानातून गळली होती. पण टायरला त्याच्याशी काय देणंघेणं?

या शेवटच्या तासाला एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे ‘अजून थोडं’. हॉट मिक्सची गाडी ट्राफिकमध्ये अडकली होती, ती आत्ता आली. पेव्हर मधेच बंद पडला, आता चालू झाला. अर्धा तास मिळाला तर आजचं काम पुरं होईल. असं वाटणारा माणूस वाईट नसतो. उलट तो कामसू असतो. म्हणूनच जुना थर खरवडायला यंत्र लावण्याआधी एक वेळ ठरवून ठेवावी लागते. त्या वेळेनंतर नवीन तुकडा उघडायचा नाही, मग सगळी यंत्रं समोर तयार उभी असली तरी. खरवडून झाल्यावर ‘आता पुरं होणार नाही’ असं कळलं तर परत फिरायला वाट राहत नाही. उघडा खड्डा संध्याकाळी साडेपाचला विमानांना देता येत नाही. ही वेळ ठेकेदाराने ठरवायची नाही आणि त्या क्षणी ठरवायची नाही. ती सकाळीच फळ्यावर लिहिलेली असायला हवी.

धावपट्टीवर निदान हद्द आखता येते. टर्मिनलच्या इमारतीत ती आणखी अवघड होते, कारण तिथे वर-खाली मजले असतात. 11 एप्रिल 1996 रोजी जर्मनीत डुसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्याच्या सांध्याचं वेल्डिंग चाललं होतं. वेल्डर रस्त्याचं काम करत होता. त्याच्या पायाखाली टर्मिनलच्या छताच्या पोकळीत पॉलिस्टायरीनचा थर होता, केबली होत्या. ठिणग्या सांध्यातून खाली गेल्या. आग छताच्या आत पसरली आणि धूर प्रवाशांच्या मजल्यांवर उतरला. लोक ज्यातून खाली आले त्या लिफ्टची दारं नेमकी धुरात उघडली आणि धुरामुळे मिटली नाहीत. एकूण 17 जण गेले. रस्त्यावर काम करणाऱ्याच्या ताब्यात रस्ता होता. त्याच्या खालची पोकळी कोणाच्या ताब्यात होती, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आज कोणत्याही मोठ्या विमानतळावर वेल्डिंग किंवा गॅस कटिंग करायला हॉट वर्क परमिट लागतं, शेजारी आग विझवणारा माणूस उभा लागतो, आणि काम संपल्यावरही काही काळ नजर ठेवायची असते. परमिट देणाऱ्याने खाली काय आहे ते स्वतः उतरून बघितलं पाहिजे. बघितल्याशिवाय केलेल्या सहीला मी सही मानत नाही.

मुंबईचं टर्मिनल 2 ज्यांनी बांधलं त्यांना ही अडचण रोजची होती. सहारचं जुनं आंतरराष्ट्रीय टर्मिनल चालू ठेवून त्याच जागेवर नवं उभं करायचं होतं. एक भाग पाडायचा, तिथे नवा बांधायचा, प्रवासी तिकडे हलवायचे, मग उरलेला पाडायचा. इमारतीचा आराखडाही या टप्प्यांना धरूनच घडवला गेला. फेब्रुवारी 2014 मध्ये ते प्रवाशांसाठी उघडलं. आपण त्याच्या छताचं आणि खांबांचं कौतुक करतो. मला जास्त कौतुक वाटतं ते त्या मधल्या वर्षांचं. पत्र्याच्या एका कुंपणाच्या अलीकडे लोक मुलांना दुबईला पोचवायला आलेले आणि पलीकडे ब्रेकर चालू.

जमिनीखालचं तर आणखी अवघड. सांताक्रूझला दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सचा तळ होता. तेव्हापासून आजवर किती केबली, किती नळ, किती गटारं तिथे पुरली गेली, त्याचे सगळे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. जेसीबीचा दात एखाद्या केबलीत घुसला तर धावपट्टीचे दिवे जातात किंवा विमानाला दिशा देणारी यंत्रणा मुकी होते. म्हणून आधी हाताने, कुदळीने चाचणीचा चर खणायचा. घाईत असलेल्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. या कामात त्याच्याइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

लंडनच्या हीथ्रोवर 21 ऑक्टोबर 1994च्या पहाटे विमानतळाच्या ऐन मधोमध रेल्वेसाठी खणलेले बोगदे खचले. जमिनीत भलंमोठं भगदाड पडलं, वरची इमारत कलली. एकही माणूस जखमी झाला नाही, कारण आत भेगा वाढताना बघून कामगार थोडंच आधी बाहेर पडले होते. जमीन खचत असल्याच्या खुणा मोजमापांत आधीपासून होत्या, पण ठेकेदारच आपल्या कामाला प्रमाणपत्र देणार अशी व्यवस्था होती. पुढे खटला झाला आणि 1999 मध्ये जबर दंड बसला. आपल्याकडे मेट्रो 3चा मार्ग विमानतळाखालून गेला आहे. ऑक्टोबर 2024 पासून टर्मिनल 2चं स्थानक वापरात आहे. तो बोगदा खणत असताना वर विमानं चालूच होती. वर रोज विमानात बसणारा प्रवासी त्याबद्दल अनभिज्ञ राहिला. तसंच असायला हवं.

आता ज्यांच्यासाठी ही व्याख्यानमाला आहे त्यांच्याकडे येतो. एअरसाइडवर, म्हणजे विमानांच्या वावराच्या बाजूला, काम करणारा मजूर सोलापूर-बीडचा असतो, बिहार-झारखंडचा असतो, ओडिशाचा असतो. त्याला पास मिळण्याआधी प्रशिक्षण दिलं जातं. ते कोणत्या भाषेत, आणि किती वेळ? पडद्यावर इंग्रजी पाट्या दाखवून शेवटी अंगठा घेतला, तर ते प्रशिक्षण झालं असं मी मानत नाही. विमान उभं असलं तरी इंजिन चालू असेल तर त्याच्या मागून जाऊ नको, माणूस उडतो. जेवणाचा डबा उघड्यावर ठेवू नको, उष्टं टाकू नको, घारी आणि कुत्री येतात आणि घार इंजिनात जाते. रात्री फ्लडलाइट फिरवलास तर तो वैमानिकाच्या डोळ्यावर जातो. हे त्याला त्याच्या भाषेत, जागेवर नेऊन सांगायला हवं. सांगितलं की तो ते पाळतो आणि इतरांनाही पाळायला लावतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आणि झोप. रात्रपाळीचा माणूस सकाळी पत्र्याच्या खोलीत जातो. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली दुपारी कोणाला झोप लागणार? पावसाळ्याआधी कामं उरकायची म्हणून नेमकी त्याच दिवसांत सगळी घाई. पहाटेच्या ज्या तासात झाडलोट करायची, उतार तपासायचा, त्याच तासाला त्याचे डोळे मिटतात. मजुरांच्या राहण्याची सोय हा कल्याणाचा वेगळा विषय म्हणून कागदावर येतो. तो धावपट्टीच्या सुरक्षेचा विषय म्हणून यायला हवा, आणि त्याच्यावर तितकाच पैसा खर्च व्हायला हवा.

काम थांबवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असं आता सगळीकडे बोर्डावर लिहिलेलं असतं. रोजंदारीवरच्या माणसाने काम थांबवलं तर त्या दिवसाची मजुरी त्याला मिळते का, एवढं विचारून बघावं. मिळत नसेल तर तो बोर्ड त्याच्यासाठी नाही. हीथ्रोच्या बोगद्यातून जे बाहेर पडले त्यांना बाहेर पडण्याची मुभा होती.

हे सगळं आत्ता बोलण्याचं कारण आहे. नवी मुंबईचा विमानतळ 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन होऊन डिसेंबरमध्ये चालू झाला. तो टप्प्याटप्प्याने वाढणार आहे. आजवर तिथे डोंगर उडवले तरी वर विमान नव्हतं. यापुढचा प्रत्येक टप्पा विमानं चालू असताना होईल. मुंबईचं टर्मिनल 1 पाडून नवं बांधायचं जाहीर झालेलं आहे. त्याच्या शेजारी मेट्रोचं स्थानक, समोर धावपट्टी, पलीकडे विलेपार्ल्याची वस्ती. ही कामं निविदेच्या कागदातून सुरू होतात, आणि त्या कागदात तीन गोष्टी हव्यात असं मला वाटतं. धावपट्टी वेळेत परत देण्यासाठी काम अर्धवट थांबवावं लागलं तर त्या दिवसाचा उशीर ठेकेदाराच्या दंडात धरायचा नाही. परत देण्याआधीची तपासणी ठेकेदाराच्या माणसाने करायची नाही, ती विमानतळाच्या स्वतंत्र माणसाने करायची आणि त्याची बढती कामाच्या वेगाशी बांधायची नाही. आणि मजुरांच्या झोपेची जागा, थांबवलेल्या दिवसाची मजुरी आणि त्यांच्या भाषेतलं प्रशिक्षण यांचे पैसे वेगळ्या बाबी म्हणून मोजून मांडायचे, म्हणजे सगळ्यात कमी दराच्या चढाओढीत पहिली कात्री त्यांना लागणार नाही. ठेका दिल्यानंतर ही कलमं घालता येत नाहीत. निविदा निघण्याआधी ती मागणारे लोक लागतात, आणि या सभागृहात अभियंते आहेत, कामगार संघटनांतले लोक आहेत, वर्तमानपत्रांतले लोक आहेत. ही मागणी तुम्ही उचलून धरावी, एवढं मागायला मी आलो आहे.